पैसे वसूल करायचे, पण पोरांकडून नाही

पत्र:

ताई, जूनमध्ये आम्ही ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला चाललो आहोत. मुलगी पाच वर्षांची, मुलगा सव्वादोन. सासू-सासरे तेव्हा भारतातून आलेले असतील, तेही सोबत. सहा रात्रींचं हॉटेल आणि चार दिवसांची तिकिटं घेतली आहेत. नवऱ्याने एक्सेलमध्ये तक्ता केलाय: ओळीने चार दिवस चार पार्क, सकाळी गेट उघडायच्या आधी हजर, रात्री आतषबाजी बघूनच बाहेर. मुलाची दुपारची झोप स्ट्रोलरमध्ये, जेवण जमेल तसं चालता चालता. फक्त तीन ठिकाणी टेबल बुक केलंय, सगळी कॅरेक्टर डायनिंगची, म्हणजे जेवताना डिस्नेच्या गोष्टींतली पात्रं टेबलापाशी येऊन भेटतात अशी: पहिल्या दिवशी सकाळी साडेसातला शेफ मिकीज, मॅजिक किंगडमच्या दिवशी सिंड्रेलाच्या किल्ल्यात दुपारचं जेवण, आणि अ‍ॅनिमल किंगडममध्ये टस्कर हाऊस. मी म्हटलं, पोरं चिडचिड करतील, तर म्हणे, एवढी महाग तिकिटं काढून हॉटेलवर झोपायला जायचं का? त्यात मुलगा मुखवटेवाल्यांना घाबरतो. एका वाढदिवसाला अस्वलाचा वेश केलेला माणूस आला तर अर्धा तास रडत होता. सासूबाई अंडंसुद्धा न खाणाऱ्या शाकाहारी. त्यांना दशम्या, लाडू, चिवडा बांधून न्यायचाय आणि नवऱ्याला त्याची लाज वाटते. भांडण न करता यातलं काय काय बदलू?

उत्तर:

बरंच बदलता येईल, आणि तुमच्या यजमानांच्या तक्त्याला फार धक्का न लावता. आधी त्यांच्या मूळ मुद्द्याकडे येते, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे. तिकिटांचे पैसे गेले ते गेले. दुपारी दोनला डोळे मिटत आलेल्या मुलाला आणखी दोन राइड्सच्या रांगेत उभं केलं म्हणून त्यातला एक डॉलरही परत येत नाही. उलट पुढचे चार तास सहाही जणांचे जातात. आणि गंमत बघा, ज्याच्या झोपेवरून हे सगळं चाललंय त्याचं तिकीटच नाही! डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो. त्याच्याकडून वसूल करण्यासारखं काही नाहीच.

तुमच्या हातात एक गोष्ट आहे, ती तक्त्यात दिसत नाही. डिस्नेचं नेहमीचं चार दिवसांचं तिकीट सलग चारच दिवस वापरावं लागतं असं नाही, सुरुवातीच्या तारखेपासून सात दिवसांच्या आत ते वापरता येतं. तुमच्या तिकिटांवरची मुदत एकदा बघून घ्या, आणि ती तशी असेल तर दोन पार्कांनंतर एक दिवस पार्काविना ठेवा. सहा रात्री आहेत, जागा आहे. हा दिवस पोरांना जितका लागेल त्याहून जास्त सासू-सासऱ्यांना लागेल. सगळं डिस्ने वर्ल्ड सुमारे 100 चौरस किलोमीटरवर पसरलंय. एपकॉट या पार्कातल्या तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, तिथली नुसती एक फेरी जवळजवळ दोन किलोमीटर भरते. दिवसाकाठी दहा किलोमीटर चालणं सहज होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुडघे बोलायला लागतात. व्हीलचेअर आणि बॅटरीवर चालणाऱ्या खुर्च्या पार्कात भाड्याने मिळतात, हे सासऱ्यांच्या कानावर आत्ताच घालून ठेवा. तिथे गेल्यावर सांगितलंत तर ते अपमान मानतील.

आता जेवणाचं. लहान मुलं बरोबर असताना दिवस राइड्सभोवती आखायचा नाही, जेवण आणि झोपेभोवती आखायचा. राइड्स उरलेल्या वेळात बसवायच्या. चालता चालता खाणं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं? अकराला पॉपकॉर्न, एकला मिकीच्या तोंडाचा प्रेट्झेल, तीनला मिकीच्याच तोंडाचं आइस्क्रीम. मग सहाला ताट समोर आलं की एकाही पोराला भूक नाही आणि रात्री नऊला मोनोरेलमध्ये दोघंही भुकेने रडताहेत. आइस्क्रीम हवंच, सहलीला गेलोय आपण. पण आधी दोन जेवणं पक्की करा. दुपारचं अकराला, रात्रीचं साडेचार-पाचला. बारा ते दोन या वेळात पार्कातल्या सगळ्या काउंटरांवर झुंबड असते. अकराला टेबल मिळतं, पोरं अजून ताळ्यावर असतात. काउंटरच्या जेवणासाठी डिस्नेच्या अ‍ॅपवर सकाळीच ऑर्डर देऊन अकराची वेळ निवडून ठेवायची, पोचलात की फक्त 'आलो' म्हणून बटण दाबायचं. हे काम यजमानांना आवडेल.

जेवून साडेबाराला बाहेर पडायचं आणि चारला परत यायचं. जूनमधल्या फ्लोरिडात दुपारी ऊन असतं, नाहीतर गडगडाटी पाऊस असतो, बरेचदा दोन्ही पाठोपाठ. विजा चमकायला लागल्या की उघड्यावरच्या राइड्स बंदच करतात. म्हणजे त्या वेळात तुम्ही हॉटेलवर झोपलात तर गमावलंत काय? सगळ्यात लांब रांगा आणि पाऊस.

फक्त मॅजिक किंगडमच्या दिवशी हे जड जाईल. बाकी तिन्ही पार्कांचं पार्किंग दाराशी आहे. मॅजिक किंगडमची गाडी लांब, तिकीट सेंटरपाशी लावायची आणि तिथून मोनोरेल किंवा फेरीबोटीने आत जायचं. एका वेळेच्या जाण्या-येण्यातच पाऊण-एक तास सहज जातो. तुमचं हॉटेल मोनोरेलवरच्या तिघांपैकी, म्हणजे कंटेम्पररी, पॉलिनेशियन किंवा ग्रँड फ्लोरिडियन असेल तर खुशाल परत जा. नसेल तर त्या एका दिवशी यजमानांचं ऐका आणि मुलाला आतच झोपवा. तिथे क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटच्या शेजारी बेबी केअर सेंटर आहे. चारही पार्कांत असं एकेक केंद्र आहे: गार हवा, डायपर बदलायला जागा, उंच खुर्च्या, अंगावर पाजायला स्वतंत्र खोली आणि मायक्रोवेव्ह. हा मायक्रोवेव्ह लक्षात ठेवा, त्याचा तुम्हाला उपयोग होणार आहे.

तीन बुकिंग जास्त आहेत का? संख्येने नाहीत, पण जागा आणि वेळा चुकल्यात.

शेफ मिकीजची साडेसातची वेळ आधी बदला. पार्क उघडल्यानंतरचे पहिले दोन तास दिवसातले सगळ्यात मोलाचे. रांगा छोट्या, हवा बरी, पोरं ताजीतवानी. ते तास पॅनकेक खाण्यात घालवणं म्हणजे खरं नुकसान, आणि ज्या माणसाने एक्सेल केलं त्याला हे लगेच पटेल. शेफ मिकीज पार्कात नाही, कंटेम्पररी हॉटेलात आहे, तिथे जायला पार्काचं तिकीट लागत नाही. म्हणून ते मोकळ्या दिवशी न्या, दहाच्या पुढची वेळ बघा. सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण एकातच होईल. कॅरेक्टर डायनिंगचा मोठ्या माणसाचा दर बहुतेक ठिकाणी 50 डॉलरच्या आसपास किंवा वरच असतो, तेव्हा एवढे पैसे भरायचे तर दोन जेवणांची भूक घेऊन जावं. धाकटा तिथेही फुकट, तीन वर्षांखालच्यांना बुफेत पैसे पडत नाहीत.

आता त्याच्या भीतीबद्दल. रद्द करू नका, पण त्याच्या पद्धतीने जाऊ द्या. सव्वादोन वर्षांच्या मुलाला सहा फुटी उंदीर अंगावर आलेला बघून रडू येणं अगदी शहाणपणाचं आहे, मलाही आलं असतं. मोकळा दिवस मध्ये ठेवण्याचा हाही फायदा, की तोवर त्याने मिरवणुकीत, लांबून, तुमच्या कडेवरून ही मंडळी बघितलेली असतील. टेबलावर त्याला भिंतीच्या बाजूला बसवा, आजोबांच्या पलीकडे. कॅरेक्टर टेबलाटेबलाशी येतात. मिकी दोन टेबलं अलीकडे असतानाच मुलाला सांगा, 'तो येतोय, आपण लांबूनच टाटा करू.' वेश घातलेल्या लोकांना अशा मुलांची सवय असते. तुम्ही हाताने खूण केलीत की ते थांबतात, लांबूनच हात हलवतात. फोटोसाठी त्याला पुढे ढकलायचं नाही, आजी-आजोबांनीसुद्धा नाही. 'घाबरतोस काय, मिकीच तर आहे' या वाक्यावर त्या दिवशी बंदी घालून टाका. फोटो त्याच्या ताईचा येईल. तो मागे आजोबांच्या शर्टात तोंड खुपसलेला दिसेल, तर दिसू दे.

सिंड्रेलाच्या किल्ल्यातलं बुकिंग ठेवा, पण सहा जणांचं नको. दोघींचं करा: तुम्ही आणि तुमची लेक. ते डिस्नेतल्या सगळ्यात महाग जेवणांपैकी एक आहे. सासूबाई तिथे काय खाणार, सासरे राजकन्येशी काय बोलणार आणि धाकटा त्या वेळी झोपलेला असणार. पाच वर्षांच्या मुलीला मात्र किल्ल्याच्या आत, आईशेजारी बसून, राजकन्या स्वतःहून भेटायला येणं हे वर्षभर पुरतं. मुखवटा नसल्यामुळे त्या बोलतात, नाव विचारतात. शिवाय धाकटा झाल्यापासून तिला तुम्ही एकटी किती वेळा मिळाली असाल? बाकीचे चौघं तेवढ्यात बेबी केअरच्या गारव्यात. वाचलेल्या तीन मोठ्या माणसांच्या बिलात पुढच्या दिवसाचं जेवण निघतं. ही वसुली मला मान्य आहे.

टस्कर हाऊस रद्द करा. जेवण तिथलं चांगलं असतं, बुफेत मसालेदार आफ्रिकी-भारतीय वळणाचेही पदार्थ असतात, पण तिसऱ्यांदा तेच सोंग कशाला? त्याऐवजी त्याच दिवशी 'साना'ला जा. अ‍ॅनिमल किंगडम लॉज हॉटेलच्या किदानी व्हिलेज या भागात ते आहे, पार्कापासून गाडीने काही मिनिटांवर, आणि इथेही पार्काचं तिकीट लागत नाही. आफ्रिकी आणि भारतीय असं मिश्र स्वयंपाकघर आहे. त्यांची 'ब्रेड सर्व्हिस' प्रसिद्ध आहे: नानसारख्या रोट्या आणि बरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणची. खिडकीबाहेर गवताळ रान आहे आणि त्यात जिराफ, झेब्रे फिरत असतात. मुखवटा कुणालाच नाही. धाकट्यासाठी याहून चांगलं कॅरेक्टर डायनिंग मला सुचत नाही. जायचं मात्र उजेडी, रात्री काचेत स्वतःचीच तोंडं दिसतात. सासूबाईंना अंडं चालत नाही हे बुकिंग करतानाच लिहा आणि तिथे बसल्यावर पुन्हा सांगा. कुठल्या रोटीत अंडं आहे ते नीट विचारून घ्यायचं. डिस्नेच्या रेस्टॉरंटांत असं विचारण्यात संकोचासारखं काही नाही, अ‍ॅलर्जीवाल्या मुलांमुळे त्यांना रोजची सवय असते, सांगितलं तर शेफही येऊन बोलतो. मेनूवर हिरव्या पानाची खूण असेल तो पदार्थ पूर्ण वनस्पतिजन्य, म्हणजे अंडं नाही तसं दूधतूपही नाही.

बिलाबद्दल एक सूचना, कारण यात भले भले फसतात. मेनूवरच्या किमतीत कर धरलेला नसतो. आणि तुम्ही सहा जण आहात. सहा किंवा जास्त माणसांच्या टेबलाला तिथे 18 टक्के टिप बिलातच लावून येते. ती ओळ न वाचता यजमानांनी सवयीने वर आणखी 20 टक्के लिहिली, तर त्या पैशांत पोरांचे कान असलेले दोन हेअरबँड आले असते.

बुकिंग बदलताना घाबरू नका. टेबलं साठ दिवस आधी खुली होतात, डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना त्याच दिवशी आपल्या मुक्कामातले दहा दिवसांपर्यंतचे एकदम करता येतात, म्हणून चांगल्या वेळा तेव्हाच जातात. पण बहुतेक ठिकाणी जेवणाच्या दोन तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. त्यानंतर रद्द केलं किंवा गेलाच नाहीत तर सहसा माणशी 10 डॉलर कापतात. डिनर शोसारख्या काही गोष्टींचे पूर्ण पैसे आगाऊ असतात, त्यांचे नियम वेगळे. या दोन तासांच्या सवलतीमुळे आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी टेबलं सुटत राहतात. मात्र आधी नवं मिळवा, मगच जुनं सोडा.

आता दशम्या. न्या, बिनधास्त न्या. डिस्ने वर्ल्डमध्ये बाहेरचं खाणं नेण्यावर बंदी नाही. काचेची बरणी चालत नाही (बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्या सोडून), सुटा बर्फ चालत नाही, दारू चालत नाही, गरम करून मागावं लागेल असं काही नसावं. थंड ठेवायला गोठवायचे पॅक वापरा. गेटवर पिशव्या तपासतात, तेव्हा डबे वरच ठेवा. दशम्या, लाडू, चिवडा यातलं काहीच अडत नाही. दही-भात न्यायचा तर पॅकशिवाय नको, जूनच्या उन्हात तासाभरात आंबेल. धाकट्याचा वरण-भात बेबी केअरच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करता येईल. पाणी विकत घेऊ नका, ज्या काउंटरवर शीतपेयांचं मशीन असतं तिथे बर्फ घातलेलं पाणी पेल्यात फुकट देतात.

यजमानांच्या लाजेचं मला आश्चर्य वाटत नाही, परदेशात डबा उघडताना आपल्यातल्या बऱ्याच पुरुषांचे कान लाल होतात. त्यांना एवढंच विचारा की सासूबाईंनी अंड्याच्या धास्तीने दिवसभर फ्रेंच फ्राइजवर राहायचं का. बहुतेक मुलगे या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, गुपचूप डबा उचलतात.

स्ट्रोलर दोन पोरांचा घ्या. पाच वर्षांची मुलगी घरी चालते म्हणून तिथे दहा किलोमीटर चालेल असं नाही, तिसऱ्या तासाला ती भावाला उठवून त्याच्या जागी बसेल. रुंदी 31 इंच आणि लांबी 52 इंचांच्या आत हवी. चाकांच्या वॅगन गाड्या आत सोडत नाहीत. आणि तिची उंची बुटांसकट घरीच मोजा. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या राइडला 38 इंच लागतात, स्पेस माउंटनला 44. कमी पडत असेल तर घरीच सांगा. दारात पट्टीशी उभं करून परत पाठवलं की रडणं किल्ल्यापर्यंत ऐकू येतं. जिथे धाकटा जाऊ शकत नाही तिथे कर्मचाऱ्याला 'रायडर स्विच' मागा: तुमच्यातला एक जण त्याच्याजवळ थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग थांबलेल्याला पुन्हा मोठी रांग लावावी लागत नाही. डंबो या उडत्या हत्तींच्या राइडच्या रांगेत तर मुलांना खेळायला आत जागाच केलेली आहे.

आतषबाजी रोज नको, एकदाच. जूनमध्ये अंधार पडायलाच साडेआठ-नऊ होतात, आणि तिचा आवाज मुखवटेवाल्यांपेक्षा वाईट. त्या रात्री आजी-आजोबा धाकट्याला घेऊन हॉटेलवर राहिले तर त्यांनाही हायसं वाटेल. सगळ्यांनाच बघायची असेल तर पॉलिनेशियन हॉटेलच्या किनाऱ्यावरून तळ्यापलीकडे किल्ला आणि आतषबाजी दोन्ही दिसतात. आवाज लांबून येतो आणि वाळूत झोपलेलं मूल उचलून न्यायला गर्दी कमी.

भांडण न करता कसं सांगायचं? 'तुझं प्लॅनिंग चुकलंय' म्हणू नका. त्यांनी तक्त्यात किती मेहनत घेतली असेल ते दिसतंय, आणि सकाळी लवकर पोचायचं त्यांचं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे. उलट ते आणखी कडक करा. सकाळचे चार तास सर्वस्वी त्यांचे, तुम्ही कुरकूर करायची नाही, पोरांना तयार करून वेळेवर गाडीत बसवायचं. साडेबारा ते चार तुमचे. एका दुपारी पोरं झोपल्यावर त्यांना एकट्याला, किंवा सासऱ्यांना घेऊन, परत पार्कात जाऊ द्या. स्पेस माउंटनवर त्यांना स्वतःलाच जायचंय आणि पोरांच्या नावाखाली तो सगळा तक्ता झालाय असा मला दाट संशय आहे. सानाचं दुपारी साडेअकराचं टेबल शोधायचं कामही त्यांच्याकडेच सोपवा. दर तासाला अ‍ॅप उघडून बघणं त्यांच्या स्वभावात बसेल असं वाटतं.